आरटीईच्या २५ टक्के जागा : शाळेने काय उघड करायला हवं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळेतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात, आणि त्या मुलांची फी सरकार भरतं. पैसा जनतेचा आहे. मग त्या शाळेने जनतेला काय काय सांगायला हवं, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर एका कायद्यात सापडत नाही. थोडं आरटीईत आहे, थोडं फी नियमन कायद्यात, थोडं बोर्डाच्या संलग्नतेच्या अटींत, थोडं धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी. या जागांचे प्रवेश लॉटरीने होतात; लॉटरीच्या दिवसांत आणि त्यानंतर पालक जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे घेतले आहेत. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. बाहेरचा संदर्भ आला तर तसं सांगितलं आहे.

सरकार शाळेला एका मुलामागे नक्की किती पैसे देतं?

आरटीई कायद्याच्या कलम १२(२) चा हिशेब असा : सरकारचा स्वतःच्या शाळेत एका मुलावर होणारा खर्च आणि खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेला द्यायची. याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. महाराष्ट्राने ही कमाल रक्कम २०१९-२० पासून वर्षाला १७,६७० रुपये धरली. कोविडच्या २०२०-२१ या वर्षासाठी ती ८,००० रुपयांवर आणली होती.

म्हणजे शाळेची फी ६०,००० असली तरी सरकारकडून १७,६७० च मिळणार, आणि फी १२,००० असेल तर १२,००० च. या दुसऱ्या प्रकारात एक मेख आहे. शाळेने प्रतिपूर्तीच्या प्रस्तावात लिहिलेली फी आणि बाकीच्या ७५ टक्के पालकांकडून घेतलेली फी एकच आहे का? आमच्या मते सगळ्यात आधी तपासायची गोष्ट ही, आणि त्यासाठी लागणारे दोन्ही कागद मिळू शकतात. कसे, ते पुढे येतं.

सरकारचा पैसा घेते म्हणजे शाळेला माहिती अधिकार कायदा लागू झाला ना?

इतकं सरळ नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात ‘सार्वजनिक प्राधिकरण’ कोण, हे कलम २(ह) मध्ये ठरतं. सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांबरोबर, सरकारच्या पैशातून मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही त्यात येतात. २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व शाळा-महाविद्यालयांना लावून दाखवलं. त्यामुळे शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होणाऱ्या अनुदानित शाळेने जन माहिती अधिकारी नेमायलाच हवा. तिथे तुम्ही थेट अर्ज करू शकता.

विनाअनुदानित शाळेचं तसं नाही. सरकारकडून तिला पंचवीस टक्के मुलांपुरती, तीही मर्यादित, रक्कम मिळते. एवढ्याने ती ‘मोठ्या प्रमाणावर’ सरकारी पैशावर चालते असं म्हणणं अवघड आहे. त्यामुळे शाळेच्या पत्त्यावर टाकलेला अर्ज बहुतेक वेळा ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ अशा एका ओळीच्या उत्तरानिशी परत येतो. पालक तिथेच हातपाय गाळतात. हरकत नाही, दार चुकलेलं असतं एवढंच.

मग बरोबर दार कोणतं?

शिक्षण खात्याचं. आरटीईचं कलम १२(३) म्हणतं की सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण मागेल ती माहिती प्रत्येक शाळेने दिली पाहिजे. कायद्याने शाळेला लोकांपुढे उभं केलेलं नाही, सरकारपुढे केलं आहे. ही कायद्यातली उणीव आहे असं आमचं मत आहे. पण तिच्यावर उपाय माहिती अधिकार कायद्यातच आहे. त्याच्या कलम २(फ) नुसार, खासगी संस्थेची जी माहिती सरकारी कार्यालयाला दुसऱ्या कोणत्याही कायद्याने मिळवता येते, ती नागरिकालाही त्या कार्यालयाकडून मागता येते.

या दोन कलमांची सांगड घातली की शाळेच्या दारात उभं राहायची गरजच उरत नाही. अर्ज जातो गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. महापालिका हद्दीत तिथल्या शिक्षण विभागाकडे. ‘ही माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर पहिल्या अपिलात २(फ) आणि १२(३) या दोन्ही कलमांचा उल्लेख करा. शाळेकडून मागवून घेण्याचा अधिकार असलेलं कार्यालय ‘उपलब्ध नाही’ म्हणून हात झटकू शकत नाही.

अर्जात नेमकं काय लिहायचं?

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. म्हणून पैशांचा अर्ज वेगळा करा आणि मान्यतेच्या कागदांचा वेगळा. पैशांचा मजकूर असा (यूडायस क्रमांक म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, त्याबद्दल पुढे आहे) :

विषय : (शाळेचं नाव व यूडायस क्रमांक) या शाळेस आरटीई २५ टक्के प्रवेशांपोटी दिलेली शुल्क प्रतिपूर्ती.
कालावधी : मागील तीन शैक्षणिक वर्षे.
आवश्यक माहिती : (१) आरटीई अंतर्गत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची वर्षनिहाय व इयत्तानिहाय संख्या (नावे नकोत). (२) शाळेने सादर केलेल्या प्रतिपूर्ती प्रस्तावाची, त्यातील प्रति विद्यार्थी शुल्काच्या तपशिलासह, साक्षांकित प्रत. (३) कार्यालयाने केलेल्या पडताळणीच्या अहवालाची प्रत. (४) मंजूर रक्कम, अदा रक्कम व अदा केल्याचा दिनांक.

कंसातल्या ‘नावे नकोत’ या दोन शब्दांना फार किंमत आहे. मुलांची नावं मागितली की कलम ८(१)(जे) खाली वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलं आहे. तसंही शेजारच्याचं मूल आरटीईतून शिकतं का, हे कुणाला कळायची गरज नाही.

अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही माफ आहे, दाखल्याची प्रत जोडा. हातोहात देत असाल तर आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. राज्य सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्जही होतो, मात्र तुमचं कार्यालय त्या यादीत आहे का ते आधी बघा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे तारीख लवकर लागत नाही, हे धरून चला. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. बरीच कामं तिथेच मिटतात.

शाळेने स्वतःहून, न मागता, काय लावायला हवं?

फी. २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम सांगतो की मंजूर झालेली फी सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची, शाळेची वेबसाइट असेल तर तिथेही टाकायची. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. हा कायदा राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या खासगी शाळांना आहे, ‘आमचं बोर्ड दिल्लीचं’ ही सबब चालत नाही.

प्रत्यक्षात हा कागद बघायचा तर शोधावा लागतो. काचेचा फलक असतो, त्याला कुलूप असतं, आत स्नेहसंमेलनाचे फोटो आणि स्कॉलरशिपमध्ये आलेल्या मुलांची नावं असतात, आणि त्यांच्या आड एका कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, नुसत्या इंग्रजीत फीचं कोष्टक. किंवा ते प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या फलकावर असतं, जिथे पालकांना गेटवरचा वॉचमन सोडतच नाही. मराठी प्रत नसेल तर तीन ओळींचं पत्र देऊन मागा आणि पोच घ्या. फलकाचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढे प्रतिपूर्तीचा प्रस्ताव हातात आला की ताडून बघायला हाच फोटो लागतो.

‘ॲक्टिव्हिटी’, ‘स्मार्ट क्लास’, ‘डेव्हलपमेंट’ अशा नावाने आरटीईच्या पालकांकडून पैसे मागतात. ते द्यायचे का?

आरटीईच्या कलम २(ख) मध्ये कॅपिटेशन फीची व्याख्या आहे : शाळेने जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम. ‘जाहीर केलेल्या’ हे लक्षात घ्या. जे जाहीर फीत नाही ते घेणं कॅपिटेशन, आणि कलम १३ नुसार त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. फलकावरचा तो कागद इतका महत्त्वाचा का, ते इथे कळतं. तो नसेल तर काय जादा घेतलं हे सिद्ध कशावरून करणार?

जे जाहीर फीत आहे ते आरटीईच्या मुलाकडून मागण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कलम ३ प्रमाणे शिक्षण पूर्ण करण्यात आडवी येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च मुलाने भरायचा नाही. व्यवहारात वाद होतात ते सहल, बस, जेवण अशा ऐच्छिक गोष्टींवर. आमचा सल्ला एकच : शाळेच्या नावाची छापील पावती, त्यावर कशाचे पैसे ते लिहिलेलं, याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्या क्लार्कला व्हॉट्सॲपवर मेसेज करून ठेवा.

‘आरटीई मान्यता’ म्हणजे काय? ती शाळेकडे आहे का, हे कसं कळेल?

कलम १८ प्रमाणे मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय खासगी शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. शाळा नमुना १ मध्ये स्वयंघोषणापत्र भरते : खोल्या, पटसंख्या, शिक्षक आणि त्यांची पात्रता, स्वच्छतागृहं, मैदान, पाणी. तपासणीनंतर नमुना २ मध्ये प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर असं स्वयंघोषणापत्र आल्यापासून १५ दिवसांत शिक्षणाधिकाऱ्याने ते सार्वजनिक करावं असं स्पष्ट लिहिलं आहे.

केंद्राच्या नियमांतल्या नमुना २ च्या अटी वाचायला सहसा कुणी जात नाही. त्यात एक अट अशी की शाळेचे हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यायचे आणि त्यांची एक प्रत दर वर्षी शिक्षणाधिकाऱ्याला पाठवायची. दुसरी अट, शाळा कुणाच्याही नफ्यासाठी चालवायची नाही. तुमच्या शाळेच्या प्रमाणपत्रावर काय अटी आहेत ते बघा आणि दुसऱ्या अर्जात नमुना १, नमुना २ आणि हिशेबपत्रकं अशी तिन्ही मागा. प्रमाणपत्रावरची मुदतही बघा, ती उलटून गेलेल्या शाळा कमी नाहीत. अनधिकृत शाळांची यादी शिक्षण विभाग उन्हाळ्यात जाहीर करतो, पण तोवर बऱ्याच पालकांनी प्रवेश घेऊन टाकलेला असतो.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे हिशेब बघता येतात का?

येतात. संस्था सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या कायद्याखाली तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दर वर्षी जावे लागतात. तिथून प्रती मिळतात, विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता दाखवणारा परिशिष्ट १ चा उताराही मिळतो. त्यासाठी नोंदणी क्रमांक लागतो. शाळेच्या पावतीवर, लेटरहेडवर बारीक अक्षरात तो असतो. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर काही शाळा ना-नफा कंपन्यांच्याही आहेत. त्यांचे ताळेबंद कंपनी निबंधकांच्या पोर्टलवर फी भरून बघता येतात.

यूडायस क्रमांकावरून काय समजतं?

अकरा आकडी क्रमांक, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. केंद्राच्या यूडायस प्लसच्या ‘नो युअर स्कूल’ पानावर तो टाकला की शाळेचं माध्यम, व्यवस्थापनाचा प्रकार, वर्गखोल्या, शिक्षकसंख्या, पट दिसतो. माहिती शाळेनेच भरलेली असते, त्यामुळे ती देववाणी समजू नका. कागदावर दिसणारं वाचनालय प्रत्यक्षात कपाट निघू शकतं.

सीबीएसई शाळांचं वेगळं काही आहे का?

आहे, आणि चांगलं आहे. सीबीएसईने आपल्या शाळांना वेबसाइटवर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ नावाचं पान ठेवणं सक्तीचं केलं आहे. संलग्नतेचं पत्र, संस्थेच्या नोंदणीची प्रत, राज्याचं ना-हरकत, आरटीई मान्यतेचं प्रमाणपत्र, इमारत आणि अग्निसुरक्षेचे दाखले, फी, शिक्षक-पालक संघाची यादी, दहावी-बारावीचे तीन वर्षांचे निकाल, शिक्षकांची संख्या, सगळं त्यावर असायला हवं. दुसऱ्या बोर्डांच्या शाळांवर एवढी सरसकट सक्ती नाही. खरं तर ज्या शाळेत सरकारी प्रतिपूर्तीचा एक रुपयाही जातो त्या प्रत्येक शाळेकडून, बोर्ड कोणतंही असो, राज्याने असंच एक पान मराठीत मागायला काय हरकत आहे? प्रमाणपत्रं शाळेकडे असतातच, स्कॅन करून टाकायची आहेत.

पान उघडल्यावर प्रत्येक लिंक दाबून बघा. अग्निसुरक्षेच्या दाखल्याची मुदत कधीची संपलेली असते, नाहीतर सगळ्या लिंकांवर एकच पीडीएफ उघडते. तक्रार सीबीएसईकडे करता येते.

शाळेने २५ टक्के जागा पूर्ण दाखवल्या आहेत का, हे कसं तपासायचं?

आरटीई पोर्टलवर लॉगिनशिवाय शाळांची यादी, प्रत्येक शाळेच्या आरटीई जागा आणि लॉटरीनंतर निवड यादी व प्रतीक्षा यादी दिसते. लॉटरी पुण्याहून सगळ्या राज्याची एकदम काढली जाते. पारदर्शकतेच्या बाबतीत ही प्रक्रियेतली सर्वांत बरी पायरी आहे, हे मान्य करायला हवं. शाळेने स्वतः मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणं तर कलम १३ प्रमाणे गुन्हाच आहे, पहिल्या खेपेला २५,००० आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

शंका जागांच्या आकड्याबद्दल असते. पहिलीच्या तीन तुकड्या भरणाऱ्या शाळेच्या नावापुढे पोर्टलवर दहा-बारा जागा दिसल्या तर हिशेब जुळत नाही. अशा वेळी यूडायसवरचा पहिलीचा पट आणि पोर्टलवरच्या जागा शेजारी ठेवून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. लॉटरीच्या आधी विचारा. नंतर विचारून त्या वर्षाला उपयोग नसतो.

शाळेला सरकारी जमीन मिळालेली असेल तर?

याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आम्हीच हा प्रश्न इथे घातला आहे. फुकट किंवा सवलतीत जमीन, इमारत वा इतर सुविधा घेतल्याच्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याची अट शाळेवर आधीच असेल, तर तेवढ्या मुलांपुरती प्रतिपूर्ती तिला मिळत नाही. हे कलम १२(२) च्या परंतुकात आहे. शहरांत सिडको, महापालिका, जिल्हाधिकारी यांच्याकडून भाडेपट्ट्याने भूखंड घेतलेल्या शाळा बऱ्याच आहेत. भाडेपट्ट्याच्या करारात मोफत जागांची अट आहे का, हे ज्या कार्यालयाने जमीन दिली त्याच्याकडे विचारायचं. ती कार्यालयं थेट सार्वजनिक प्राधिकरणं आहेत, त्यामुळे तिथे ‘लागू नाही’ची भानगड नाही.

अल्पसंख्याक शाळांना हे सगळं लागू आहे का?

२५ टक्क्यांची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ मध्ये प्रमती खटल्यात सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने प्रमतीच्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या खंडपीठाकडे सोपवावा असं म्हटलं. निर्णय बदलेपर्यंत सूट आहे. फी फलकावर लावण्याचा राज्याचा कायदा मात्र त्यांनाही आहे.

२०२४ मध्ये ‘एक किलोमीटर’चा जो गोंधळ झाला त्याचं काय झालं?

९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने ठरवलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन नाही. पोर्टलवरून इंग्रजी शाळा जवळजवळ गायब झाल्या आणि पालकांचे अर्ज फारच कमी आले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलै रोजी अधिसूचना रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. जुनीच पद्धत कायम राहिली.

बेळगाव-निपाणीकडचे मराठी पालकही आम्हाला विचारतात. कर्नाटकात असाच नियम २०१९ च्या प्रवेशांपासून आहे आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो टिकवला, त्यामुळे महाराष्ट्राचा निकाल तिकडे दाखवून उपयोग नाही.

शाळा म्हणते, ‘सरकारने आमचे पैसेच दिलेले नाहीत, म्हणून तुम्ही भरा.’

थकबाकी ही खरी तक्रार आहे. शाळांच्या संघटना ती दर वर्षी मांडतात, आणि छोट्या इंग्रजी शाळांचे पगार त्यामुळे अडतात हेही खरं आहे. पण हा शाळा आणि सरकार यांच्यातला हिशेब आहे, तो पालकाच्या खिशातून चुकता होत नाही. वर दिलेल्या अर्जातला चौथा मुद्दा, अदा केल्याचा दिनांक, याचसाठी आहे. कधी सरकारने खरंच दिलेले नसतात, कधी शाळेने प्रस्तावच अपुरा भरलेला असतो. दोन्ही गोष्टी कागदावर उघड्या पडतात, आणि सरकारची दिरंगाई उघड होण्यात शाळेचाही फायदाच आहे.

आरटीईची मुलं त्या शाळेत किती शिकतात, याची माहिती कुठे असते?

शाळानिहाय, लोकांना बघता येईल अशी, कुठेच नाही. किती मुलं पहिलीत आली, किती आठवीपर्यंत टिकली, मध्ये किती गळाली, हेही शाळेने जाहीर करायची सक्ती नाही. आमच्या दृष्टीने या योजनेतली ही सगळ्यात मोठी पोकळी आहे. वरच्या अर्जात इयत्तानिहाय संख्या मागायला सांगितली ती यासाठीच : पहिलीला १५ मुलं आणि पाचवीला ६ दिसली तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

अमेरिकेत हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९९० मध्ये मिलवॉकी शहरासाठी सरकारी पैशावर खासगी शाळा निवडण्याची योजना सुरू केली. तिथल्या शाळांना दर वर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण राज्याच्या शिक्षण विभागाला द्यावं लागतं आणि योजनेतल्या मुलांना राज्याची परीक्षा द्यावी लागते. उलट ॲरिझोनाने २०२२ मध्ये अशी योजना सगळ्या मुलांना खुली केली, पण खासगी शाळांवर राज्याच्या परीक्षेची सक्ती ठेवली नाही. फिनिक्सला राहणाऱ्या मराठी पालकाला शाळा निवडताना जे दिसत नाही, तेच पिंपरीच्या पालकालाही दिसत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत जाता येईल का?

विनाअनुदानित शाळेला कलम २१ ची समिती बंधनकारक नाही. तिथे फी कायद्याखालचा शिक्षक-पालक संघ असतो. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक आपोआप सभासद असतात, आरटीईचेही. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचा असतो, प्राचार्यांच्या पसंतीने नव्हे. फीचा प्रस्ताव या समितीपुढे येतो. जूनमध्ये सूचना निघते तेव्हा नाव द्या. ‘तुम्ही फी भरत नाही, मग तुम्हाला कशाला’ असं कुणी म्हटलंच तर कायद्यात असा भेद नाही, एवढं शांतपणे सांगायचं.

आठवीनंतर काय?

आरटीईचं संरक्षण आणि प्रतिपूर्ती आठवीपर्यंत. नववीची फी पालकांची. म्हणून पहिलीत प्रवेश घेतानाच फलकावरची नववी-दहावीची फी वाचून ठेवा.

पालकांनीही काही उघड करायचं असतं ना?

हो. रहिवासाचा पुरावा, वंचित घटकासाठी जातीचा दाखला, दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आणि पडताळणी समितीपुढे मूळ कागद. शाळेजवळचा खोटा भाडेकरार करून प्रवेश घेणारे आहेत, त्यांचे प्रवेश रद्द होतात आणि एका गरजू मुलाची जागा तेवढ्या वर्षासाठी वाया जाते.

तक्रार कुठे करायची?

आरटीईच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी. त्यांनी तीन महिन्यांत दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा असतो. पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. फीच्या तक्रारीसाठी विभागीय शुल्क नियामक समिती आहे, पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिथे जायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. आठशे मुलांच्या शाळेत दोनशे सह्या जमवणं काय असतं ते ज्यांनी जमवल्या त्यांनाच विचारा. एकट्या पालकासाठी कलम ३२ चाच रस्ता बरा.

माहिती मागितली म्हणून शाळेने मुलाला त्रास दिला तर?

कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. आरटीईच्या मुलांना वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या बाकावर बसवणंही चालत नाही. असं काही घडलं तर तारीखवार लिहून ठेवा आणि कलम ३२ च्या तक्रारीत घाला.

भीती वाटत असेल तर एक सोपा मार्ग आहे. माहितीचा अर्ज त्या शाळेच्या पालकानेच करायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या मावशीने, दुसऱ्या गावच्या मित्राने, कुणाही भारतीय नागरिकाने करावा. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला विचारता येत नाही, आणि अर्ज शिक्षण खात्याकडे जात असल्याने तुमचं नाव शाळेपर्यंत पोहोचायचं कारणही उरत नाही.